बियाला हिवाळा कळतो

धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमच्या शिवारात दसऱ्याच्या आगेमागे पेरलेलं बी फार वाट पाहायला लावत नाही. शाळू असो, हरभरा असो की करडई, बी ओलीवर पडलं की आठवडाभरात तासं दिसायला लागतात. नाही दिसली तर शेतकरी माती उकरतो आणि बी कुजलं की किड्याने खाल्लं, याचा निकाल तिथंच लावतो. लव्हेंडरच्या बियांची पुडी मागवून कुंडीत पेरणाऱ्याची मात्र इथे पंचाईत होते. पंधरवडा जातो, महिना होतो, माती जशीच्या तशी. उकरून पाहावं तर बी शाबूत, टणक, चकचकीत. मग बियाणं बोगस निघालं असं म्हणून त्याच कुंडीत कोथिंबीर टाकली जाते.

त्या बियात बहुतेक वेळा काही खोट नसते. ते हिवाळ्याची वाट पाहत असतं, आणि त्याला हवा तसला हिवाळा उमरगा तालुक्यात पडतच नाही.

लव्हेंडर तुळशीच्या कुळातलं. या कुळाचं बी कसं असतं ते पाहायला लव्हेंडर लागत नाही, अंगणातली तुळस पुरते. मंजिरी पूर्ण वाळली की तिचा एक पेला नखाने अलगद उघडावा आणि भिंगातून तळाशी पाहावं. चार दाणे एकमेकांना टेकून बसलेले दिसतात. एखादा पोकळ राहिला तर तीन. सब्जाचं, पुदिन्याचं, लव्हेंडरचं, सगळ्यांचं हेच: चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि एका फुलामागे चार दाणे. लव्हेंडरचा दाणा लांबट, दोनेक मिलिमीटरचा, तपकिरी-काळा, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. एका ग्रॅममध्ये साधारण हजारभर बसतात.

ज्याला आपण लव्हेंडर म्हणतो, म्हणजे अत्तरातलं आणि साबणातलं ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’, ते भूमध्य समुद्राभोवतालच्या डोंगरांवरचं झुडूप आहे. दक्षिण फ्रान्सच्या उतारांवर त्याचे दाणे उन्हाळा सरताना खाली पडतात. पुढे पाऊस येतो आणि जमीन ओली होते. तेवढ्यावर फसून दाणा रुजला, तर दोन पानांचं कोवळं रोप बर्फाच्या तोंडी सापडेल. जे दाणे अशी घाई करत होते त्यांची संतती उरली नाही. जे महिना-दोन महिने ओली थंडी अंगावर घेतल्याशिवाय हलत नव्हते, त्यांची उरली. म्हणून आजचा दाणा ऊब आणि ओल एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. आधी हिवाळा येऊन गेल्याचा पुरावा मागतो.

हा पुरावा बियाच्या आत कसा नोंदला जातो, हे आता बऱ्यापैकी माहीत झालं आहे. अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक बियाला थांबवून धरतं, जिबरेलिन त्याला रुजायला लावतं. झाडावर बी पिकतं तेव्हा पहिल्याचं पारडं जड असतं. ओलं बी काही आठवडे थंडीत राहिलं की ते हलकं होत जातं आणि जिबरेलिन तयार होऊ लागतं. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस नावाचं एक इवलंसं तण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत जगभर वाढवलं जातं. त्याच्या बियांत थंडीमुळे जिबरेलिन बनवणारं एक जनुक जोमाने काम करू लागतं, असं दिसून आलं आहे. यातली ‘ओलं’ ही अट फार महत्त्वाची. कोरड्या बियातले रासायनिक व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. कोरडी पुडी फ्रिजमध्ये ठेवली तर बी जास्त दिवस टिकतं, पण जागं होत नाही. त्याच्या लेखी तो हिवाळा आलाच नाही.

आपल्या पिकांना अशी थांबण्याची सवय का नाही? होती, ती आपण घालवली. हजारो वर्षं माणूस पेरत आला, आणि पेरलेलं जे बी लगेच उगवलं त्याचंच पीक काढून पुढच्या वर्षी पेरत आला. रेंगाळणारं बी आपोआप गळत गेलं. याची किंमत कधी मोजावी लागते ते उमरगा-लोहाऱ्याच्या सोयाबीन उत्पादकाला सांगायला नको. ऐन काढणीत परतीचा पाऊस चार दिवस लागून राहिला की उभ्या झाडावरच्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात. थांबायचं कसं हे तो दाणा विसरला आहे. भुईमुगात तर दोन्ही स्वभाव शेजारी शेजारी दिसतात. उपट्या जातीच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते, काढणी लांबली आणि पाऊस झाला तर शेंग जमिनीतच उगवते. पसऱ्या जातीचा दाणा मात्र काही आठवडे ढिम्म राहतो. जुने शेतकरी पसऱ्याचं ताजं बी लगेच पेरायला घेत नसत ते यासाठीच.

लव्हेंडर माणसाजवळ खूप काळ आहे, पण शेतात ते उशिरा आलं. फ्रान्समध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डोंगरावरची फुलंच विळ्याने कापून आणत. पुढे लागवड झाली ती बऱ्याच अंशी फांद्या लावून. बियावर पिढ्यान्‌पिढ्या निवडीचा हात फिरलाच नाही, त्यामुळे ते रानटीच राहिलं. माझ्या मते लव्हेंडर बियापासून वाढवण्यातलं खरं आकर्षण हेच आहे. घरबसल्या एका रानबियाशी गाठ पडते.

मुरुमला थंडी पडत नाही असं मुळीच नाही. पौषात काही पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, शेकोट्या पेटतात, हरभरा आणि गहू त्या थंडीवर खूश असतात. पण त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात. सलग महिनाभर चार-पाच अंशांची ओली थंडी या पठारावर मिळायची नाही. गव्हाला इथली थंडी पुरते, कारण भारतात पेरला जातो तो वसंती प्रकारचा गहू. थंडीत त्याला फुटवे चांगले येतात, पण ओंबी धरायला कडाक्याचा हिवाळा लागत नाही. युरोपातल्या हिवाळी गव्हाला तो लागतो.

तेव्हा लव्हेंडरसाठी हिवाळा फ्रिजमध्ये करायचा.

घटस्थापनेच्या सुमाराला सुरुवात करावी. बारीक वाळू धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी आणि मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी टिपकणार नाही इतपत ओलवावी. त्यात बी मिसळून झिपच्या पिशवीत घालावं. वाळू नसेल तर ओला करून पिळलेला सुती कपडाही चालतो, फक्त रुजू लागलेल्या बियाची मुळी त्याच्या विणीत अडकते आणि सोडवताना तुटते. पिशवीवर तारीख घालावी आणि ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेजवळ ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नको: गोठलेल्या बियात थंडीचं काम होत नाही. चार ते सहा आठवडे हा मुक्काम. दर आठवड्याला पिशवी उघडून वास घ्यावा, उजेडात धरून पाहावी. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर बी धुऊन नव्या वाळूत घालावं. लोडशेडिंगची काळजी करू नये. दार बंद असेल तर दोन-चार तासांत आतली थंडी जात नाही.

द्राक्षबागायतदारांना आणखी एक वाट मोकळी आहे. मणी फुगवायला घडांसाठी ते जे ‘जीए’ वापरतात, ते जिबरेलिक आम्लच. लव्हेंडरचं बी दोनशे पीपीएमच्या आसपासच्या द्रावणात रात्रभर भिजवलं तर थंडीशिवायही रुजण्याचं प्रमाण वाढतं, आणि रोपवाटिकांत हा उपाय करतात. थंडीने बियाच्या आत जे घडलं असतं ते इथे बाहेरून दिलं जातं. मला मात्र फ्रिजची वाट जवळची वाटते. जीएने उठवलेली रोपं कधी कधी लांबुडकी आणि लुळी होतात, आणि घरात मुलं असतील तर महिनाभर पिशवी उघडून पाहण्यात ती जे शिकतात ते बाटलीतल्या औषधाने शिकता येत नाही.

दिवाळीनंतर पेरणी. आता मातीची गोष्ट, आणि ती या गावाच्या फायद्याची आहे. शिवारातली काळी, कसदार माती लव्हेंडरला चालत नाही. ती पाणी धरून ठेवते, ओली असताना चिकटते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. याच गुणावर रब्बीचा शाळू एका पावसाविना पिकतो, पण लव्हेंडरची मुळं तिच्यात सडतात. माळावरचा मुरूम मात्र त्याला मानवतो. झिजलेल्या काळ्या पाषाणाचा हा भुगा आपण रस्त्यावर टाकतो, घराच्या पायात भरतो. पाणी त्यातून झरझर निघून जातं आणि खडे-कणांच्या मधे हवा राहते. लव्हेंडर मूळचं चुनखडीच्या डोंगरांवरचं असल्यामुळे, मोसंबीच्या बागेत पानं पिवळी पाडणाऱ्या आपल्या चुनखड जमिनीचं आणि बोअरच्या जड पाण्याचं त्याला वावडं नाही. दोन भाग बारीक चाळलेला मुरूम आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कोकोपीट एवढं पुरे. रासायनिक खताची चिमूटही घालू नये. सकस मातीत झाड पानांनी फुगतं, आणि वास उतरतो.

बी वर पसरायचं आणि बोटाने हलकं दाबायचं. मातीने झाकायचं नाही. लव्हेंडरच्या बियाला रुजताना उजेड लागतो. बियाला उजेड कळतो कसा, याचा शोध अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात लागला. १९५२ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी सॅलडच्या लेट्यूसचं बी घेतलं आणि दाखवून दिलं की लाल उजेडाची एक झलक त्याला रुजवते, त्यापलीकडचा अतिलाल उजेड ते रुजणं रद्द करतो, पुन्हा लाल दाखवला की पुन्हा रुजतं. शेवटी कोणता उजेड पडला तेवढंच बी लक्षात ठेवतं. यामागच्या रंगद्रव्याला फायटोक्रोम म्हणतात. पानांमधून गाळून आलेल्या सावलीत अतिलाल उजेड जास्त असतो, म्हणजे डोक्यावर दुसऱ्या झाडाचं छत आहे की मोकळं आकाश, हे बारीक बियाला जमिनीवर पडल्या पडल्या समजतं. दोन मिलिमीटरच्या दाण्यात जेमतेम काही दिवसांची शिदोरी असते. सावलीत किंवा खोल मातीत रुजून ती संपवणं त्याला परवडणारं नसतं.

नोव्हेंबरमध्ये मुरुमला ओसरीवर, थेट उन्हाबाहेर, दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री सोळा-सतरा अंश असतात. लव्हेंडरला रुजायला हे जवळजवळ नेमकं. वरून पाणी घालू नये, बी वाहून एका कडेला जातं. कुंडी किंवा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवावा, खालून ओल चढू द्यावी आणि मग काढून घ्यावा. पहिलं हिरवं टोक पंधरा दिवसांत दिसेल, पण सगळी रोपं एकदम येणार नाहीत. काही दोन आठवड्यांनी येतात, काही महिन्याने, काही त्याहून उशिरा. हाही रानबियाचाच स्वभाव. सगळे दाणे एका पावसाला भुलले आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर पिढीच जाईल. थोडे मागे राहिले तर वंश राहतो. म्हणून पहिली दहा रोपं आली की बाकीच्या ट्रेला पाणी देणं थांबवू नये.

सुरुवातीची दोन दलपत्रं गोलसर, कुठल्याही तणासारखी दिसतात. नंतरची खरी पानं अरुंद, राखाडी छटेची. दुसरी-तिसरी जोडी आली की एक पान बोटात हलकेच चुरडून पाहावं. एवढ्याशा रोपालाही वास असतो. पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये तेल साठायला तेव्हाच सुरुवात झालेली असते. या वयात खरा शत्रू म्हणजे मर: खोड जमिनीलगत काळं पडून रोप कोलमडतं. कारण जवळजवळ नेहमी एकच, जास्त पाणी. वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पुढचं पाणी नाही. वाढ फार संथ असते, संक्रांतीपर्यंत रोप दोन-तीन बोटं झालं तरी चांगलं म्हणायचं. चार बोटं झालं की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात.

इथे एक दुसरी थंडी आडवी येते. बी रुजायला लागते ती वेगळी आणि झाडाला फुलायला लागते ती वेगळी. मिशिगन स्टेट विद्यापीठात ‘मन्स्टेड’ या जुन्या जातीवर प्रयोग झाले. वाढलेल्या झाडांना काही आठवडे पाच अंशांच्या आसपास ठेवलं आणि पुढे लांब दिवस दिले, तेव्हा ती भरभरून फुलली. म्हणजे बी फ्रिजमध्ये ठेवून रोप मिळालं तरी आपल्या हिवाळ्यात ते फुलेलच असं नाही, पानांवर समाधान मानावं लागेल. ज्याला फूल पाहायचंच आहे त्याने ‘लव्हेंडर लेडी’सारखी जात घ्यावी. १९९४ साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळालेली ही जात बियापासून पहिल्याच वर्षी फुलते.

बियापासून आलेली दहा रोपं दहा तऱ्हांची निघतात, हेही आधीच माहीत असावं. कोयीपासून लावलेला आंबा आणि कलमी आंबा यांत जो फरक, तोच इथे. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाचं फूल गडद, कुणाचं फिकट, आणि तेलातल्या घटकांचं प्रमाणही वेगवेगळं. व्यापाराला हे नको असतं. जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहमध्ये सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या जम्मू इथल्या संस्थेने अरोमा मिशनमधून शेतकऱ्यांना लव्हेंडरकडे वळवलं. पुढे त्याला ‘जांभळी क्रांती’ असं नाव पडलं आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिचा चित्ररथही निघाला. तिथे शेतकऱ्याला मिळतं ते फांद्यांपासून केलेलं रोप, कारण सगळ्या शेताचं तेल एकसारखं हवं. आणि लव्हेंडरच्या दोन जातींच्या संकरातून आलेलं, जास्त तेल देणारं ‘लव्हेंडिन’ तर वांझच असतं. त्याला बीच धरत नाही, फांदीशिवाय गत्यंतर नाही.

फ्रान्समध्ये या एकसारखेपणाची दुसरी बाजू लोकांनी भोगली आहे. एकाच झाडाच्या फांद्यांनी भरलेल्या शेतांत झाडं वाळत जाण्याचा रोग पसरला. तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसदृश जंतूमुळे होतो आणि तुडतुड्यासारखा एक रस शोषणारा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. सगळी झाडं एका रक्ताची असली की एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. बियापासून वाढवलेल्या शेतात काही झाडं तग धरतात. ओत-प्रोव्हान्सच्या लव्हेंडर तेलाला १९८१ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याची अट अशी की झाडं बियापासून आलेल्या मिश्र वाणाची असावीत आणि शेत समुद्रसपाटीपासून किमान ८०० मीटर उंचीवर असावं. अत्तरवाले त्या तेलाला जास्त भाव देतात. इतक्या कष्टाने रुजणाऱ्या बियाला कायद्यात जागा मिळाली, ही मला फार न्याय्य गोष्ट वाटते.

ज्यांच्या घरी हिवाळा दारात येऊन पडतो, त्यांना फ्रिजचीही गरज नाही. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी घरांनी दुधाचा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कॅन मधोमध आडवा कापावा आणि तळाला भोकं पाडावीत. मग चार बोटं माती घालून त्यावर बी टाकावं, कॅन पुन्हा चिकटपट्टीने बंद करून झाकण काढून टाकावं आणि जानेवारीतच अंगणात बर्फात ठेवून द्यावा. बर्फ वितळेल, पुन्हा पडेल, बी आपला हिशेब करत राहील आणि एप्रिल-मेमध्ये आपलं आपण उगवेल. मुरलेलं झाड उणे पंचवीस अंशांपर्यंतची थंडी काढतं, विशेषतः अंगावर बर्फाची दुलई असेल तर. तिथेही ते मरतं ते बहुधा ओल्या मुळांनी, हिवाळ्यात पाणी साचल्यामुळे.

मुरुमच्या झाडाची खरी परीक्षा मात्र हिवाळा संपल्यावर सुरू होते. भूमध्य प्रदेशात पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे उलट. मे महिन्यातले बेचाळीस अंश झाड सावलीच्या जाळीखाली एक वेळ काढेल. जून ते सप्टेंबर ऊब आणि ओल एकत्र येतात, तेव्हा मुळं कुजतात आणि झाड बुंध्यापासून तपकिरी होत जातं. कुंडी मातीची, तळाला मोठं भोक, पावसात ओसरीच्या आत पण वारा लागेल अशी, एवढं केलं तर काही झाडं पार होतात. बरीच होत नाहीत. म्हणून स्पष्टच सांगतो: मराठवाड्यात लव्हेंडरची एकरी लागवड करून लाखांचं उत्पन्न मिळेल असं सांगत कुणी रोपं विकायला आला, तर त्याच्याकडून एकही रोप घेऊ नये. सुगंधी पीकच घ्यायचं तर गवती चहा, खस आणि आपल्याच माळरानावरचं रोशा गवत इथलं ऊन आणि इथला पाऊस दोन्ही ओळखतात.

आणि लव्हेंडरही ओळखतं. फक्त ते लव्हेंडर दुसरं आहे.

या वंशात चाळीसच्या आसपास जाती आहेत. त्यांची वस्ती अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांपासून भूमध्य प्रदेश, उत्तर आफ्रिका, अरबस्तान अशी पसरत येते आणि पूर्वेकडे भारतात संपते. त्या टोकाच्या दोन जाती आपल्या आहेत. ‘लॅव्हेंड्युला गिब्सोनाय’ ही फक्त पश्चिम घाटात आढळते. ‘लॅव्हेंड्युला बायपिनाटा’ दख्खनच्या पठारावर, खडकाळ उतारांवर आणि मुरमाड माळांवर उगवते. पहिलीच्या नावातले गिब्सन म्हणजे अलेक्झांडर गिब्सन, पेशाने डॉक्टर. १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीतल्या सरकारी वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक होते आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जातीला हे नाव जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई परिसरातल्या वनस्पतींच्या १८३९ सालच्या सूचीत दिलं. सूची पूर्ण छापून होण्याआधीच ग्रॅहॅम वारले. दापोडीच्या बागेत १८४० च्या दशकाच्या अखेरीस एका चित्रकाराने काढलेली झाडांची चित्रं आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद व्हायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा ग्रंथ १९७९ मध्ये निघाला. माळाकडे पडीक जमीन म्हणून पाहण्याची सवय मोडायला असा एक ग्रंथ पुरतो, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात तो वाचला जावा असं मला मनापासून वाटतं.

दख्खनी लव्हेंडर, म्हणजे बायपिनाटा, एका वर्षाचं झाड आहे. पावसाळ्यात रुजतं, गुडघ्याएवढं वाढतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, बारीक. पाऊस सरल्यावर सडपातळ दांड्यांवर फिकट जांभळी, निळसर फुलं येतात आणि थंडीत बी पिकून झाड वाळतं. वास युरोपातल्या लव्हेंडरचा नाही, तो शोधत गेलात तर निराश व्हाल. पण खोड फिरवून पाहावं: चौकोनी. वाळलेलं फूल उघडावं: तळाशी तुळशीसारखेच चार दाणे. याचं वेळापत्रक मात्र उलटं बसलेलं आहे. त्याला कडाक्याच्या हिवाळ्याची वाट पाहायची नाही. पावसाळी वर्षायू झाडांच्या पुष्कळ बियांना उन्हाळ्याचे कोरडे, तापलेले महिने काढावे लागतात, मग त्यांची सुप्तावस्था उतरते. अवकाळी पावसाची एखादी सर डिसेंबरात आली तर ते बी उठत नाही, मृगाच्या पावसाला उठतं.

ते वाढवून पाहायचं असेल तर मार्गशीर्ष-पौषात माळावर जावं. झाड उपटू नये. पूर्ण वाळलेल्या दोन-चार मंजिऱ्या खुडाव्यात, त्याही जिथे झाडं भरपूर आहेत तिथूनच. कागदाच्या पुडीत घालून त्या घरात कोरड्या जागी ठेवाव्यात, फ्रिजमध्ये नको. पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा त्यांना लागू द्यावा. रोहिणी सरत आल्या की कुंडीत मुरूम भरावा, शेणखत नावापुरतं घालावं, दाणे वर चोळून टाकावेत आणि कुंडी उघड्या आभाळाखाली ठेवावी. झाकायचं नाही, हेही त्याच कुळातलं बारीक बी आहे. आधी पाणी घालू नये, पहिला पाऊस पडू द्यावा.